परदेशी शिक्षण: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आणि ऑफिसातल्या बाकड्यावर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, तेच इथं आहे. कधी मुलगा विचारतो, कधी वडील, आणि हल्ली बऱ्याचदा आई. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. रकमा आणि नियम २०२५ अखेरचे धरले आहेत. पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आकडा एकदा स्वतः बघून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

१. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की सुरुवात केली तर चालतंय ना?

चालतंय, पण एक वर्ष जातं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथलं मुख्य सत्र ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच घेतात. जर्मनीत हिवाळी सत्राची नेहमीची मुदत १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी. इंग्रजीतल्या बऱ्याच मास्टर्स कोर्सची मुदत त्याच्याही आधी संपते. चार वर्षांच्या डिग्रीला असाल तर तिसरं वर्ष संपताना कामाला लागा.

लोकांना वाटतं वेळ परीक्षेला लागतो. जीआरई, म्हणजे मास्टर्सच्या प्रवेशासाठीची परीक्षा, तीन-चार महिन्यांत होऊन जाते. वेळ खातात ते घरातले कागद: नावातली एक स्पेलिंग, आजोबांच्या नावावर राहिलेलं घर. म्हणून प्रश्न ६ आणि ९ आधी वाचा, देश नंतर निवडा.

२. सर, सगळ्यात चांगला देश कुठला?

याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यापासून लांब राहा. मी तीन गोष्टी विचारतो: घरातून खरोखर किती पैसा निघतो, शिकून झाल्यावर तिथं किती दिवस नोकरी शोधता येते, आणि नोकरी नाहीच लागली तर कर्जाचा हप्ता सोलापुरात बसून फिटेल का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत शांतता पसरते.

अमेरिकेत एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकून झाल्यावर १२ महिने काम करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांना त्यावर आणखी २४ महिने. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला जाणारा मुलगा शिकून बाहेर पडेल तेव्हा दीड वर्षाचाच धनी. हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं सापडणार नाही. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण जर्मन येत नसेल तर ते भुर्रकन जातात.

३. जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणं. खरं का?

अर्धं खरं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते, फक्त दर सत्राची वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता आपल्यासारख्यांना फी सुरू केली आहे. खासगी विद्यापीठांचा तर विषयच वेगळा. 'जर्मनी' म्हणून विकली जाणारी बरीच ॲडमिशन तिथलीच असतात, आणि ती भरघोस फी घेतात.

राहण्याखाण्याचा खर्च तुमचाच. त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. तिथं गेल्यावर दरमहा ९९२ युरो आपल्याच खात्यातून परत मिळतात. हा खर्च नाही, आपलाच पैसा आहे, पण निघायच्या आधी एकरकमी उभा करावा लागतो. १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे: तुमच्या मार्कलिस्ट खऱ्या आहेत याची पडताळणी. फी १८,००० रुपये. ते हातात यायला आठवडे जातात, म्हणून ऑफर लेटरची वाट न बघता आधीच अर्ज टाका.

४. पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) जमेल का? आणि जीआरई द्यावीच लागते का?

जमतं. मराठी माध्यमातल्या मुलांचं वाचन आणि ऐकणं सरावानं सुधारतं. अडतं ते लिहिण्यात. मनात मराठी वाक्य करून ते इंग्रजीत उतरवायचं, हा घोळ. त्याला रोज एक पान लिहून कुणाकडून तरी तपासून घेणं, एवढाच उपाय मी पाहिलाय. आयईएलटीएस आणि टोफेलचा स्कोअर दोन वर्षं चालतो, जीआरईचा पाच. आयईएलटीएसमध्ये एकाच भागात मार्क कमी पडले तर तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक विद्यापीठ मानतं असं नाही.

जीआरई आता दोन तासांच्या आत संपते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली आहे, ब्रिटनमध्ये सहसा लागत नाही. माझं मत: सीजीपीए साडेसातच्या खाली असेल आणि गणित बरं असेल तर द्या. तेवढीच एक जागा आहे जिथं जुने मार्क झाकले जातात.

५. चार केट्या आहेत आणि एक वर्ष गॅप. संपलं का सगळं?

नाही. केटी, म्हणजे नापास राहिलेला विषय, निघालेली असेल तर बरीच विद्यापीठं अर्ज घेतात. काही आकडा ठरवून ठेवतात, तो त्यांच्या पानावर बघा. सगळ्यात वाईट म्हणजे केटी लपवणं. ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे विद्यापीठ देतं त्या सगळ्या सत्रांच्या मार्कांच्या नोंदीत, प्रयत्न दिसतातच. गॅपचंही तसंच: घरी बसला होतात तर घरी बसलो होतो असं लिहा. वडिलांच्या यंत्रमागावर वर्षभर हिशेब सांभाळला असेल तर तो अनुभवच आहे, त्याची लाज कसली? ओळखीच्या दुकानातून खोटं अनुभवपत्र आणू नका. दूतावासातून फोन येतो आणि शेठ म्हणतो, "कोण? आमच्याकडं असं कुणी नव्हतं ओ."

६. मार्कलिस्टवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर वेगळं, आधारवर वडिलांचं नाव नाही. काय करायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडं बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर दोनच रकाने: आडनाव एकीकडं आणि बाकीचं सगळं दुसरीकडं. क्रम उलटासुलटा असणं ही अडचण नाही, परदेशी विद्यापीठांना त्याची सवय झाली आहे. अडचण असते अक्षरांची. सिद्धाराम या एका नावाचीच किती रूपं मी पाहिली: दहावीला एक 'डी', बारावीला दोन, डिग्रीवर शेवटी 'ए' गायब. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनावाची स्पेलिंग दोन भावांची दोन असते, कारण शाळेत नाव घालणारे मास्तर वेगळे होते.

नियम एकच धरा: पासपोर्ट हा पाया. परीक्षेची नोंदणी, विद्यापीठाचा अर्ज, व्हिसा, सगळीकडं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. त्यामुळं पासपोर्ट काढायच्या आधीच दहावीची मार्कलिस्ट शेजारी ठेवून फॉर्म भरा. पासपोर्ट आधीच निघाला असेल आणि चूक त्यातच असेल, तर तो दुरुस्त करून पुन्हा काढणं बोर्डाची मार्कलिस्ट बदलण्यापेक्षा बरंच सोपं. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. नावच बदललं असेल, म्हणजे लग्नानंतर किंवा हौसेनं, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी हा खरा मार्ग.

आणि एक जण सगळे विसरतात: वडील. मुलाच्या पासपोर्टवर 'राजकुमार', वडिलांच्या आधारवर 'राजू', घराच्या उताऱ्यावर 'राजाराम'. माणूस एकच, पण बँकेला तीन दिसतात. ब्रिटनच्या व्हिसाला पैसे वडिलांच्या खात्यातले असतील तर तुमचं नातं जन्मदाखल्यावरून सिद्ध करावं लागतं, आणि तिथं हेच आडवं येतं. वडिलांचे कागद मुलाच्या कागदांइतकेच बारकाईनं बघा.

७. बीएस्सी, बीकॉम तीन वर्षांचं आहे. मास्टर्सला घेतात का?

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात सहसा घेतात. अमेरिकेत बरीच विद्यापीठं एकूण १६ वर्षांचं शिक्षण मागतात, त्यामुळं तिथं तीन वर्षांची डिग्री अडू शकते. काही ठिकाणी एमएस्सीचं एक-दोन वर्ष जोडून चालतं. नव्या शैक्षणिक धोरणाखाली चौथं वर्ष करायची संधी असेल आणि अमेरिकाच डोक्यात असेल, तर ते करून टाका.

८. पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्टसाठी पुण्याला जावं लागतं का?

पासपोर्टसाठी नाही. सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. कारभार पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडं. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला २,००० जादा. पोलीस पडताळणीच्या वेळी घरी थांबा, फोन उचला. अर्धा उशीर तिथंच होतो.

ट्रान्सक्रिप्ट ज्या विद्यापीठाची डिग्री त्याच विद्यापीठाकडून. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असेल तर केगावला जायचं. हे विद्यापीठ २००४ सालचं. त्याआधीची डिग्री शिवाजी विद्यापीठाची असेल तर कोल्हापूर गाठा. नोकरी करून चाळिशीत बाहेर जाऊ बघणारे इथं हमखास चुकतात. संच मागताना दोन-तीन जादा घ्या आणि पाकिटं बंद, सही-शिक्क्याची आहेत ना ते खिडकीवरच तपासा. घरी येऊन उत्सुकतेनं पाकीट फोडलं की ते वाया.

९. शेत आहे, हद्दवाढीत प्लॉट आहे, गावात घर आहे. तारण ठेवून ३० लाख मिळतील ना?

यातलं कदाचित काहीच चालणार नाही, आणि हे फेब्रुवारीत कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत. कारण साधं आहे: कर्ज थकलं तर बँक सरफेसी कायद्यानं कोर्टात न जाता मालमत्ता जप्त करते, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. दहा एकर बागायत असली तरी सातबारा बघून साहेब मान हलवतात. बिगरशेती झालेला प्लॉट चालतो.

हद्दवाढ भागातला प्लॉट बऱ्याचदा गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला असतो. महाराष्ट्रात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉटही त्यात आले. नियमित करून घेतला असेल तर बँकेशी बोलता येतं. नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतलेला असेल तर नाही.

घराचं काय? परवाच एक कुटुंब आलं. खाली सहा माग, वर राहायला तीन खोल्या, जागा मोक्याची. सिटी सर्व्हेचा उतारा उघडला तर वर आजोबांचं नाव, ते जाऊन अकरा वर्षं झालेली. वारस नोंद झालीच नव्हती. वारस पाच, त्यांतली एक आत्या सिकंदराबादला. प्रत्येकाची सही लागणार. वरच्या मजल्याचा बांधकाम परवाना कधी काढलाच नव्हता. मुलाच्या हातात ऑफर लेटर होतं आणि वडील माझ्याकडं न बघता उताऱ्याकडंच बघत होते.

म्हणून आजच काढायचे कागद: चालू उतारा, खरेदीखत, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची पावती. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन बँकच तिच्या पॅनेलवरच्या माणसांकडून करवते, खर्च तुमचा.

तारण नसेल तर दोन वाटा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. काही बँका निवडक नामवंत विद्यापीठांसाठी त्याहून मोठं कर्जही विनातारण देतात. दुसरी वाट वित्त कंपन्यांची: काम लवकर होतं, पण व्याज जास्त आणि शिकत असतानाच थोडंफार व्याज भरायला लावतात.

१०. शिकत असताना हप्ता नसतो ना? आणि ती पीएम-विद्यालक्ष्मी योजना आम्हाला मिळेल का?

हप्ता नसतो, व्याज असतं. सरकारी बँकेत साधारण कोर्सचा काळ अधिक एक वर्ष हप्ता थांबतो, पण व्याजाचं मीटर पहिल्या उचलीपासून चालूच. समजा ३० लाख १० टक्क्यांनी एकदम उचलले, तर तीन वर्षांत सरळव्याजानंच ९ लाख होतात. सत्रागणिक उचललं तर कमी. घरून महिन्याला जमेल तेवढं व्याज भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका राहतो. शिवाय चार लाखांवरच्या परदेशी कर्जात १५ टक्के वाटा तुमचा असतो; १०० टक्के कर्ज मिळेल असं धरून चालू नका.

आयकरात ८०ई कलमाखाली या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, कमाल मर्यादा नाही, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

पीएम-विद्यालक्ष्मी ही भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. विद्यालक्ष्मी नावाचं अर्जाचं पोर्टल वेगळं. नावं सारखी, त्यामुळं रोज एक जण तरी गोंधळतो.

११. वडील शेतकरी, आयटी रिटर्न कधी भरलंच नाही. उत्पन्न दाखवायचं कसं?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणजे ते नाहीच असं नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीतल्या कांद्याच्या पट्ट्या, डाळिंब व्यापाऱ्याकडून खात्यावर आलेले पैसे: हे सगळं एकत्र लावलं की चित्र उभं राहतं. मुख्य अट एवढीच की पैसा बँकेतून गेलेला दिसला पाहिजे. पट्टी अडीच लाखांची आणि खात्यात काहीच नाही, तर ती पट्टी नुसता कागद. घरात पॅन असेल तर दोन वर्षं आधीपासून रिटर्न भरायला लागा, कर शून्य निघाला तरी. सीएकडून मालमत्तेचं प्रमाणपत्र घ्याल तेव्हा त्यावर यूडीआयएन क्रमांक (प्रमाणपत्र खरं आहे हे तपासता येणारा क्रमांक) आहे ना ते बघा.

१२. काका, मामा मिळून खात्यात पैसे टाकतील आणि व्हिसा झाला की काढून घेतील. असं सगळेच करतात ना?

बरेच करतात, आणि अडकणारेही त्यांच्यातलेच. प्रत्येक देशाचा नियम वेगळा. ब्रिटनला पैसे विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्याच खात्यात हवेत. काका कितीही जवळचे असले तरी त्यांचं खातं चालत नाही. लंडनसाठी महिना १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, शिवाय उरलेली फी. ही रक्कम सलग २८ दिवस खाली न जाता राहिली पाहिजे. सत्ताविसाव्या दिवशी एटीएममधून दोन हजार काढले आणि शिल्लक मर्यादेखाली गेली म्हणून व्हिसा नाकारलेला मी पाहिलाय. मंजूर शैक्षणिक कर्जाच्या पत्राला ही २८ दिवसांची अट नाही.

अमेरिकेला काका प्रायोजक म्हणून चालतात. पण मग मुलाखतीत काकांचा धंदा काय, मुलं किती, ते तुमच्यासाठी का देतायत, हे सांगता आलं पाहिजे. मुळात हा पैसा तुमचा नसेल तर दुसऱ्या सत्राची फी कोण भरणार, हे आधी घरात बसून ठरवा. व्हिसा ऑफिसर नंतर.

१३. शिष्यवृत्ती मिळते का? कोणत्या?

मिळतात, पण प्रत्येकीची चौकट ठरलेली. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, दरवर्षी ७५ जणांना. पदव्युत्तरला वय ३५ आणि पीएचडीला ४० पर्यंत, विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत वर असावं लागतं. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडं. ओबीसी, भटके-विमुक्त, मराठा आणि खुल्या गटासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या योजना आहेत. अटी जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून मूळ जाहिरातच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा तिचा फोटो नको.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १२५ जागांची. बहुतेक जागा अनुसूचित जातींना, पण भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांनाही थोड्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के. हातमाग विणणाऱ्या घरातल्या मुलांनी शेवटच्या गटाची व्याख्या जरूर वाचावी. सोलापुरात हे कुणाला माहीतच नसतं.

बाकी: जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ताज्या पदवीधरानं त्यात वेळ घालवू नये. युरोपातल्या इरॅस्मस मुंडस संयुक्त मास्टर्सना अनुभवाची सरसकट अट नाही, आणि आपल्याकडची मुलं तिकडं फारशी वळतच नाहीत.

१४. बाहेर पैसे पाठवताना सरकार पाच टक्के कापतं का?

१ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर) नाही, आणि पैसा मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जात असेल तर त्यावरही नाही. त्यावरच्या रकमेचा दर अर्थसंकल्पागणिक हलतो. जे कापलं जातं ते बुडत नाही, रिटर्नमध्ये परत मिळतं. पाठवताना कारण 'शिक्षण' असंच नोंदवा.

१५. कन्सल्टंट फी घेत नाहीत. मग त्यांचं पोट कशावर भरतं?

विद्यापीठाच्या कमिशनवर. यात चोरी काही नाही, पण हे माहीत असू द्या. तुम्ही ॲडमिशन घेतली की तुमच्या फीतला काही भाग त्यांच्याकडं येतो. म्हणून जर्मनीच्या सरकारी विद्यापीठाचं नाव काढलं की चेहरे पडतात. तिथं कमिशन नाही.

काही खुणा सांगतो. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड तुमचा आहे का? ऑफर लेटर विद्यापीठाकडून थेट तुमच्या मेलवर आलं का, की फक्त त्यांनी पीडीएफ दाखवली? फी विद्यापीठाच्या खात्यात जातेय की 'आमच्याकडं द्या, आम्ही भरतो'? कॅनडात २०२३ साली पंजाबच्या बऱ्याच विद्यार्थ्यांवर परत पाठवण्याची वेळ आली होती, कारण एजंटनं दिलेली कॉलेजची पत्रं बनावट निघाली. मुलांना ते वर्षांनुवर्षं माहीतच नव्हतं. माझ्याकडं येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: माझ्यासमोर बसून फॉर्म भरा, पण लॉगिन मला देऊ नका.

१६. एसओपी (हाच कोर्स का, हे सांगणारा अर्जासोबतचा लेख) कुणाकडून लिहून घ्यायची? एआयवरनं चालेल का?

स्पेलिंग तपासायला चालेल. लिहून घ्याल तर ती 'लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती' अशीच येणार, आणि तशा शेकडो त्यांच्याकडं आधीच पोचलेल्या असतात. एका मुलानं लिहिलं होतं की चादरीच्या मागावर धागा तुटला की माग लगेच थांबायला हवा, नाहीतर सगळा ताणा खराब होतो. त्यानं स्वस्तातला सेन्सर जोडून बघितला आणि तो तीन वेळा फसला. फसण्याची कारणंही लिहिली. मी त्यातलं फक्त व्याकरण सुधारलं.

१७. अमेरिकेची मुलाखत कुठं असते? काय विचारतात?

आपल्याला मुंबई जवळची. बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रावर किमान एक दिवस आधी, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. म्हणजे मुक्काम धरा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरून थेट रांगेत उभं राहू नका. मोबाइल आत नेता येत नाही, सोबत आलेल्याकडं द्या. आधी सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाची १८५ डॉलर फी भरलेली हवी. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची. हेच विद्यापीठ का, पैसे कोण देतंय, पुढं काय. पाठ केलेलं उत्तर त्यांना दुसऱ्या वाक्याला कळतं. इंग्रजी सोपं असलं तरी चालतं, हळू बोला.

१८. एकदा व्हिसा नाकारला. दुसऱ्या देशाच्या अर्जात ते सांगायचं का?

विचारलं असेल तर सांगायचंच. नकार हा गुन्हा नाही, लपवणं मात्र महागात पडतं: खोटी माहिती दिली म्हणून कॅनडा पाच वर्षं आणि ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं. अमेरिकेचा २१४(बी) कलमाखाली, म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही म्हणून आलेला नकार कायमचा नसतो, पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर लगेच पुन्हा जाऊन उपयोग नाही. २२१(जी) हाही कागदोपत्री नकारच, पण अंतिम नव्हे. कागद किंवा पडताळणी बाकी आहे.

१९. तिथं पार्ट-टाइम करून फी निघते का?

नाही. खर्चाला हातभार लागतो, तोही पहिल्या काही महिन्यांत नाही. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत २० तास आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच. बाहेर पेट्रोल पंपावर रोखीनं काम केलं की व्हिसा धोक्यात.

२०. नीटला मार्क कमी आहेत. बाहेर एमबीबीएस करून इथं डॉक्टर होता येतं का?

येतं, पण रस्ता लांब आहे. नीट पात्र असणं सक्तीचं, 'नीटशिवाय ॲडमिशन' म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करता येत असली पाहिजे. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर झालेल्यांची परीक्षा: ३०० पैकी १५० मार्क, वर्षातून दोनदा. मग भारतात पुन्हा इंटर्नशिप. दहा वर्षांच्या आत सगळं उरकायचं. एफएमजीईत नापास होणारे पास होणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, हे माहितीसत्रात कुणी सांगत नाही.

डॉ. कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली ते डॉक्टर होऊन चीनला गेले. आता इथली मुलं डॉक्टर व्हायला तिकडं जातात. कॉलेजच्या वॉर्डात पेशंट कुठल्या भाषेत बोलतो, हे त्यांनी निघायच्या आधी विचारावं.

२१. लग्न ठरलंय. बायकोला बरोबर नेता येईल का?

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सला नाही, संशोधनाच्या पदवीला येतं. अमेरिकेत एफ-टू व्हिसावर नेता येतं पण तिला काम करता येत नाही. कॅनडात जोडीदाराला कामाचा परवाना हवा असेल तर मास्टर्स कोर्स किमान १६ महिन्यांचा लागतो. लग्नाची नोंदणी महापालिकेत करून घ्या, पत्रिका आणि फोटोवर भागत नाही. आणि तिचं नाव बदलायचं असेल तर आधी प्रश्न ६.

२२. बॅगेत काय न्यायचं? आई चादर आणि चटणी देतेय.

चादर एकच न्या. दोन घातल्या की २३ किलोतली बरीच जागा गेली. शेंगाची चटणी कोरडी, घट्ट पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून. कडक भाकरी प्रवासात टिकते, पण बॅग आपटली की तिचा चुरा होतो, डब्यात ठेवा. ऑस्ट्रेलियात खाण्याचं सगळं उतरल्याबरोबर फॉर्मवर जाहीर करा, नाहीतर दंड. मूळ मार्कलिस्ट, डिग्री, ऑफर लेटर, बँकेचं मंजुरीपत्र मात्र हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. आणि त्या सगळ्यांचा एक झेरॉक्स संच घरी आईच्या कपाटात.